गोळ्या मोजायचा बुधवार

चौदा पानं वाचून दाखवली मी कॅमेऱ्यासमोर,
चिचटोल्याच्या अंगणवाडीत, पंखा बंद करून,
आवाजात आवाज नको म्हणून.
कौतिका वलके ऐकत होती
पदराच्या टोकाला गाठ मारत, सोडत.
नवव्या पानावर तिनं हात वर केला, शाळेतल्यासारखा.

"म्हंजे एकाले औषध, एकाले नुसतं पीठ?"
पीठच असं नाही, म्हटलं, पण औषधही नाही.
"आन् कोनाले कोनतं, तुमाले मालूम?"
मला नाही. डॉक्टरांनाही नाही.
"मंग हाय कोनाले?"
नागपूरच्या एका कंप्युटरला.
ती कॅमेऱ्याकडे बघून हसली,
जणू तोच तो.

लेकरं दोन, म्हणून अंगठा दोनदा.
हिवराज, शून्य एक सात.
डिंपल, शून्य एक आठ.
दोघांच्या रक्तात तेच, विळ्यासारखं वाकलेलं.
थंडी पडली की, तलावात बुडी मारली की,
कधी काहीच केलं नाही तरी
हाडांच्या आत कोणीतरी ढेकळं फोडत बसतं.
हिवराज तेव्हा रडत नाही, शिव्या देतो.
डिंपल खाटेच्या सुंभात बोटं अडकवून घेते.

दर दुसऱ्या बुधवारी मी स्कूटीवर जायची,
डब्यांत उरलेल्या गोळ्या मोजायला.
कुणाकडे चार जास्त निघत, कुणाची डबी कोंबडीनं सांडलेली,
एका म्हाताऱ्यानं तर जावयाला देऊन टाकलेल्या,
त्याचीही कंबर दुखते म्हणून.
वलक्यांच्या घरी हिशेब चोख.
मी शेरा मारायची: उत्तम.

एका बुधवारी लवकर पोचले.
धुकं अजून मोहाच्या बुंध्याशी होतं.
ओसरीत स्टीलचं ताट,
दोन्ही डब्या त्यात पालथ्या केलेल्या,
आणि कौतिका गोळ्यांतून हात फिरवत होती
तांदळातले खडे बघावेत तसा.
मग एक इकडे. एक तिकडे.

हे काय करता, बाई?

"वाटे करून रायली जी.
त्या कंप्युटरले पोट्टे नसन.
एकाले द्याचं न् एकाले नाई, हे माह्यानं होत नाई.
ज्याची खरी असन, निम्मी दुसऱ्याच्या पोटात जाईन."

निम्मं औषध म्हणजे औषध नव्हे, मी म्हणाले.
"निम्मा भात मंग जेवन नोहे का?"

फॉर्मवर एक चौकट असते, नियमभंगाची.
तीन ओळी मावतात तिच्यात.
गावाबाहेर नाल्याच्या पुलावर स्कूटी लावून
मी त्या तीन ओळी लिहिल्या.
खोटं लिहिलं असतं तर त्या गोळीवर
पुढे कुणी विश्वास कसा ठेवला असता,
असं स्वतःला सांगत राहिले, नऊ किलोमीटर.
सातव्या किलोमीटरला पटलं होतं. आठव्याला नाही.

दोन्ही नंबर हिशेबातून वगळले गेले.
कौतिकाला एवढंच कळलं की सिस्टर आता
ताट बघून जात नाही, बसते.

वर्षानं यादी उघडली.
सातला काय होतं, आठला काय होतं, मी पाहिलं.
इथं लिहीत नाही.
कौतिकानं विचारलंही नाही.

औषध चाललं. म्हणजे पुष्कळांना, पुष्कळसं.
आता भाग घेतलेल्या सगळ्यांना खरीच गोळी,
वगळलेल्यांनाही.
नव्या डब्या घेऊन गेले,
झाकणांवर नंबर नाहीत, नावं आहेत.
सांगितलं, दोन्ही खऱ्या, दोन्ही सारख्या,
आता काहीच करायचं नाही.

"हो जी," म्हणाली,
आत गेली
आणि ताट घेऊन आली.
हिवराजनं कपाळावर हात मारला.
डिंपल मोजायला बसली.